दीर्घ लेखाचा आराखडा किती सविस्तर असावा आणि तो केव्हा मोडावा?

माणगंगाकाठ

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना या विषयावर साडेतीन हजार शब्दांचा लेख लिहीत आहे. आटपाडी, सांगोला आणि माण या भागांतील वयोवृद्धांशी झालेल्या बोलण्याची टिपणे, त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणे आणि शासकीय कागदपत्रे अशी सामग्री पुष्कळ जमली आहे. लिहायला बसण्यापूर्वी शाळेत शिकवतात त्याप्रमाणे मुद्दे काढले: प्रस्तावना, दुष्काळाची कारणे, लोकांचे हाल, शासनाचे उपाय, रोजगार हमीचा जन्म, योजनेचे मूल्यमापन, समारोप. हा क्रम तर्काला धरून आहे असे मला अजूनही वाटते. परंतु प्रत्यक्ष लिहिताना ‘लोकांचे हाल’ या एकाच मुद्द्याने निम्मी शब्दमर्यादा खाल्ली, ‘कारणे’ या मुद्द्याखाली पावसाचे आकडे देऊन झाल्यावर पुढे काय म्हणावे ते सुचेना, आणि मसुदा वाचलेल्या एका स्नेह्यांनी “माहिती भरपूर आहे, पण तुम्हाला यातून म्हणायचे काय आहे?” असे विचारले.

माझा प्रश्न असा की आराखडा याहून सविस्तर करावा, म्हणजे प्रत्येक मुद्द्याखाली उपमुद्दे आणि त्यांखाली टिपणांचे क्रमांक लिहावेत, की उलट तो बाजूला ठेवून सलग लिहीत जावे? आणि लिहिताना लेख आराखड्याबाहेर जाऊ लागला तर त्याला आवरावे की आराखडाच बदलावा? ज्यांनी दीर्घ वैचारिक लेखन केले आहे किंवा इतरांचे लेखन संपादित केले आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

शिळाप्रेस

आपल्या यादीतील सातही नोंदी नुसते मथळे आहेत. त्यांत एकही क्रियापद नाही. माझ्या मते अडचणीचे मूळ तिथे आहे, आराखडा कमी सविस्तर असण्यात नाही. ‘लोकांचे हाल’ एवढेच लिहिले की त्याखाली काहीही बसते. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची आठवण बसते, सुकडी या वाटल्या जाणाऱ्या पूरक खाण्यासाठी लागलेली रांग बसते, खडी फोडताना हाताला आलेले फोड, विकलेली जनावरे, मुंबईला गेलेला थोरला मुलगा, सारे बसते. आणि यातील प्रत्येक गोष्ट खरी व हृदयाला भिडणारी असल्यामुळे काय गाळावे हे ठरवण्याचे साधनच हाती राहत नाही. मथळ्याखाली उपमथळे काढून ही स्थिती सुधारत नाही, कारण त्यामुळे सामग्रीचे कप्पे वाढतात, निवड होत नाही.

म्हणून आराखड्यातील प्रत्येक नोंद पूर्ण वाक्यात लिहावी, आणि ते वाक्य असे असावे की एखाद्या जाणकाराला त्यावर “हे मला मान्य नाही” असे म्हणता आले पाहिजे. आपल्याच विषयावर नमुना देतो. मते आपली वेगळी असतील तर वाक्ये बदलावीत. पहिले वाक्य: १९७० ते १९७३ या काळात पाऊस वारंवार हुकला तेव्हा कोरडवाहू गावांत पिकाबरोबर शेतमजुरीही बुडाली. दुसरे: त्यामुळे दुकानात धान्य आले तरी ते विकत घेण्याची ऐपत असंख्य घरांत उरली नाही, म्हणजे टंचाई धान्याइतकीच कामाचीही होती. तिसरे: म्हणून शासनाने मजुरी देणारी कामे अफाट प्रमाणावर काढली आणि मे १९७३ मध्ये त्या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. चौथे: पण दुष्काळी काम ही सरकारने संकटकाळात केलेली मदत होती; संकट सरले की ती थांबवण्याचा अधिकार सरकारकडेच राहत होता. पाचवे: विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना याहून मुळात वेगळी होती, कारण तिच्यात काम काढण्याचा निर्णय मागणाऱ्याच्या मागणीवर सोपवला होता. सहावे: ती कल्पना टिकली याचे एक कारण असे की १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवून तिला स्वतंत्र पैसा मिळाला आणि १९७७ च्या कायद्याने, ज्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला, तिला हक्काचे रूप मिळाले.

आता ही सहा वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. एका वाक्यातून दुसऱ्याकडे जाताना ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ असे काहीतरी आपोआप येते. जिथे केवळ ‘तसेच’ किंवा ‘याशिवाय’ म्हणावे लागते, तिथे दोन वाक्यांचा संबंध अद्याप आपल्यालाच उमगलेला नाही असे समजावे. आपल्या मूळ यादीत कारणांनंतर हाल, हालांनंतर उपाय हा क्रम बरोबरच आहे, परंतु तो कोणत्याही आपत्तीवरील कोणत्याही निबंधाला लागू पडतो. १९६७ च्या कोयना भूकंपावर लिहायला घेतले तरी तीच यादी जशीच्या तशी चालेल. जो आराखडा दुसऱ्या विषयाला चालतो तो आपल्या लेखाचा आराखडा नव्हे, एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ आहे.

शब्दांच्या वाटपाबद्दलही थोडे लिहितो, कारण दिवाळी अंकात ही बाब जिव्हाळ्याची असते. अंक फर्म्यांनी छापला जातो, सोळा पानांचा एक फर्मा धरला तर आपला लेख वाढला की कुणाची तरी कविता पडते. शब्दमर्यादा ही संपादकाची लहर नसते. प्रत्येक वाक्यापुढे अंदाजे शब्दसंख्या लिहून ठेवावी. वाटप करताना जे विधान वाचकाला आधीच ठाऊक आहे किंवा सहज पटणार आहे त्याला कमी जागा द्यावी, आणि जे पटवावे लागेल त्याला जास्त. बहात्तरच्या दुष्काळाचे हाल महाराष्ट्रातील पन्नाशी उलटलेल्या बहुतेक घरांत ऐकून माहीत आहेत, त्यांना पाचशे शब्द पुरतील. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा आणि आटपाडीच्या पाझर तलावावरील मजुरीचा संबंध किती वाचकांना ठाऊक असेल? त्याला मी हजार शब्दही आनंदाने देईन.

प्रस्तावना आणि समारोप या दोन नोंदी तूर्त खोडून टाकाव्यात. त्या जागा आहेत, मुद्दे नव्हेत.

पानगळ

शिळाप्रेस यांच्या प्रतिसादातील नेमकेपणाबद्दल आदर राखून थोडे विरोधी लिहितो. मी प्रामुख्याने ललित गद्य लिहितो आणि अशी वाक्ये आधी लिहून बसलो तर लेखनातला माझा रस संपतो. पण ही केवळ वृत्तीची गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ. गंभीर आक्षेप असा की सहा विधाने आधी निश्चित केली की सामग्रीकडे पाहण्याची आपली दृष्टी वकिलाची होते. टिपणांत जे त्या विधानांना पोसते ते उचलले जाते आणि जे अडवते ते नकळत वहीतच राहते. समजा, एखाद्या आजीने बोलता बोलता असे सांगितले असेल की त्या वर्षी हाल झाले हे खरे, पण मजुरीचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात पडले तेही त्याच कामावर, तर ही गोष्ट वरील सहापैकी कोणत्या वाक्याखाली जाईल? कोणत्याच नाही. म्हणजे लेखातील कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट आराखडा उत्तम असल्यामुळेच गळेल.

मुद्दे काढून लिहिण्याची सवय आपल्याला इंग्रजी धर्तीच्या परीक्षांनी लावली, आणि परीक्षेबाहेर तिचा फारसा उपयोग नाही, असे माझे मत आहे. माणगंगाकाठ यांनी टिपणे मिटून ठेवावीत आणि जे सर्वांत आधी आठवते तिथून सलग लिहावे. दहा हजार शब्द झाले तर होऊ द्यावेत. काय म्हणायचे आहे ते लिहिताना कळते. आधी कळले असते तर लिहिण्याची गरज काय होती?

तळटीप

पानगळ यांचा आक्षेप मला वरवरचा वाटत नाही. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना हा धोका मी पाहिला आहे: संशोधनाचा आराखडा मंजूर होतो, त्यातील प्रकरणांची नावे पवित्र मानली जातात, आणि मधल्या काळात हाती आलेली माहिती त्या प्रकरणांत कोंबली जाते. परंतु त्यावरचा उपाय आराखडा टाकून देणे हा नसून तो दोनदा करणे हा आहे. एकदा लिहिण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा मसुदा पुरा झाल्यावर त्या मसुद्यातून.

दुसरा आराखडा असा काढावा. मसुद्यातील प्रत्येक परिच्छेद वाचून, आपण काय लिहिणार होतो हे विसरून, प्रत्यक्षात तो काय म्हणतो ते एका वाक्यात समासात लिहावे. वाक्य लिहिताच आले नाही तर त्या परिच्छेदात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत किंवा एकही नाही. मग समासातील वाक्ये तेवढी कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावीत आणि मूळ मसुदा काही वेळ दृष्टीआड ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात, पण साडेतीन हजार शब्दांच्या लेखाला एक सकाळ पुरते. कागदावर तीन गोष्टी तत्काळ दिसतात: एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत कुठे कुठे आले आहे, कोणते विधान आधाराशिवाय उभे आहे, आणि लेखाचा खरा विषय कोणत्या पानावर सुरू झाला आहे. तो पहिल्या पानावर सुरू झालेला फार क्वचित दिसतो.

आजीच्या आठवणीचा प्रश्न इथे सुटतो. पहिल्या आराखड्यात जागा नसलेली गोष्ट मसुद्यात शिरलीच, आणि समासात तिचे वाक्य ठामपणे उभे राहिले, तर तिला हाकलू नये. तिच्यासाठी सातवे विधान करावे किंवा तिसरे विधान बदलावे. आराखडा केव्हा मोडावा या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की पुरावा विधानाच्या विरुद्ध जाऊ लागला की विधान त्याच दिवशी बदलावे, मसुदा संपण्याची वाट पाहू नये. मात्र नुसता कंटाळा आला, किंवा एखादा किस्सा फार रंगतदार आहे म्हणून मोह झाला, तर आराखड्याला चिकटून राहावे. असे किस्से ठेवायला मी एक वेगळा कागद करायला सांगतो. तिथे ठेवलेले बरेचसे साहित्य पुढे दुसऱ्या लेखाला उपयोगी पडते आणि फाडून टाकण्याचे दुःख टळते.

आराखडा इंग्रजी परीक्षांनी आणला हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. कौटिलीय अर्थशास्त्राचा पहिलाच अध्याय ही त्या ग्रंथाची विषयवार यादी आहे, आणि तिच्या शेवटी पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय, एकशे ऐंशी प्रकरणे असा हिशेबही दिला आहे. शेवटचे अधिकरण तर शास्त्रग्रंथाची मांडणी ज्यांच्या आधारे होते त्या बत्तीस तंत्रयुक्तींना वाहिलेले आहे, आणि विषयांचा अनुक्रम लावणे ही त्यांतील एक आहे. दासबोधाचा आरंभही हा ग्रंथ कोणता आणि यात काय सांगितले आहे या श्रोत्यांच्या प्रश्नांनीच होतो. लक्षात घेण्याजोगे हे की अध्यायांची अचूक संख्या सांगणारी यादी ग्रंथ पुरा झाल्यावाचून लिहिता येत नाही. म्हणजे वाचकाच्या हाती सर्वांत आधी पडणारा आराखडा लिहिणाऱ्याने सर्वांत शेवटी पक्का केलेला असतो, आणि यात पानगळ यांचेही म्हणणे काही अंशी राहते.

संगणकावर लिहीत असाल तर एक सोय सांगून ठेवतो. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये प्रत्येक विधान शीर्षकाच्या शैलीत टंकून ठेवले की बाजूच्या चौकटीत तेवढीच शीर्षके एकाखाली एक दिसतात. वर्डमध्ये तर त्यांतील एक माउसने ओढून वरखाली केले की त्याखालचा मजकूरही सोबत हलतो. लेख संपादकाकडे पाठवताना ही शीर्षके काढून टाकायला विसरू नये.

उत्तरपत्रिका

माझा संबंध स्पर्धा परीक्षांच्या निबंधाशी आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाच्या अडीचशे गुणांच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे. सलग लिहीत जाऊन म्हणणे शोधण्याची चैन तिथे परवडत नाही. एका निबंधाला पंधरा-वीस मिनिटे आराखड्यासाठी दिली तरच उरलेल्या वेळात हात न थांबता चालतो.

परंतु शिळाप्रेस यांनी सांगितलेला दोष या वर्गात सर्वांत जास्त फोफावला आहे. कोणताही विषय आला की सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय, नैतिक असे रकाने पाडायचे आणि प्रत्येकात चार वाक्ये भरायची, हा साचा शिकवणी वर्गांतून पाठ करून घेतला जातो. त्यामुळे शेकडो उत्तरपत्रिका एकाच माणसाने लिहिल्यासारख्या दिसतात. मी विद्यार्थ्यांना रकाने जरूर पाडू देतो, पण मुद्दे सुचण्यासाठी. सुचून झाल्यावर रकाने खोडायचे आणि उरलेल्या मुद्द्यांतून एकच दावा लिहायचा असा नियम ठेवला आहे. आपल्या लेखाला घाई नाही, तेव्हा हा भाग आपण निवांत करू शकता.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे अर्धवट मसुद्याचा समास भरून पाहिला. हालांच्या भागातील परिच्छेदांतून फिरून फिरून एकच वाक्य निघाले, ते म्हणजे ‘त्या वर्षी खायला नव्हते’. आणि गंमत अशी की टिपणे पुन्हा चाळली तेव्हा बहुतेकांच्या बोलण्यात भुकेइतकाच कामाचा तपशील आहे असे दिसले: हजेरी कोण घेत असे, मोजमाप कसे होत असे, पगार किती उशिरा होत असे, नालाबंडिंगवर कोणत्या गावची माणसे येत. पानगळ यांनी कल्पिलेली आजी नेमकी तशी नाही, पण स्त्रियांना त्या कामावर स्वतंत्र हजेरी लागत असे ही गोष्ट अनेकींनी आवर्जून सांगितली आहे. त्यामुळे तिसऱ्या विधानानंतर आणखी एक विधान घातले आहे: दुष्काळी कामांनी गावाला, विशेषतः बायकांना, मजुरी मागता येते ही सवय लावली, आणि पुढे कायद्यामागे जे बळ उभे राहिले त्यात या सवयीचाही वाटा होता. याला पुरेसा आधार देता येईल की नाही हे पाहायचे आहे.

एक अडचण राहिली. पागे यांच्या विचाराचा पहिला प्रयोग तासगाव भागात १९६५ मधला, म्हणजे दुष्काळाच्या आधीचा. विधानांच्या क्रमाने गेलो तर १९७३ वरून एकदम मागे जावे लागते. कालक्रमाने गेलो तर लेखाची सुरुवात अशा प्रयोगाने होते ज्याचे महत्त्व वाचकाला तोपर्यंत कळलेले नसते.

शिळाप्रेस

विधानांचा क्रम ठेवावा. वाचकाला मागे नेण्यात काही गैर नाही, फक्त तो प्रवास लेखात एकदाच व्हावा आणि परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात वर्ष स्पष्ट यावे. मूळ चौथ्या विधानाच्या अखेरीस ‘मदत संपल्यावर पुढे काय’ हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला की “याचे एक उत्तर १९६५ मध्येच तासगाव भागात शोधले जात होते” असे लिहून मागे जाता येईल, आणि तिथून १९७७ पर्यंत सरळ पुढे यावे. त्या भागात पुन्हा दुष्काळाचे वर्णन येऊ देऊ नये, नाहीतर काळाचा धागा तुटतो.

बायकांच्या सवयीचे नवे विधान मला फार आवडले, पण त्यातील दोन दावे वेगळे करावेत. सवय लागली हे आपल्या टिपणांतून दाखवता येईल. कायद्यामागील बळात तिचा वाटा होता हे दाखवायला त्या काळातील मोर्च्यांच्या बातम्या आणि विधिमंडळातील चर्चा पाहाव्या लागतील. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. तिथे आधार सापडला नाही तर विधानाचा दुसरा भाग सोडून द्यावा, पहिला भाग एकटाही लेखात उभा राहील. व्यवसाय कराचा परिच्छेद मात्र वाढवावा, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचा उल्लेख एकाच वाक्यात आटोपावा. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.